अप्पांनी घडवलेला शब्द

वैद्यकीय परिभाषा कोशाची नवी आवृत्ती छपाईला जायची होती आणि एका शब्दावर घोडं अडलं होतं.

कोशाची कचेरी मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीत होती, शवविच्छेदनाच्या हॉलच्या बरोबर वर. खिडक्या बंद ठेवल्या की खालचा औषधी वास जिन्याने वर यायचा आणि उघडल्या की कबुतरं आत यायची. तिथे बसून माणसं वर्षानुवर्षं रोगांना नावं ठेवत आली होती, आणि 'नावं ठेवणं' आपण ज्या अर्थाने म्हणतो त्याही अर्थाने पुष्कळदा. त्या कचेरीच्या संपादकबाई आज सचिवांच्या टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसत नव्हत्या.

"बाई, तुमचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं," सचिव म्हणाले. या गृहस्थांनी आयुष्यात कोणाला 'नाही' म्हटलं नव्हतं आणि 'हो' म्हटल्याचंही कोणाच्या स्मरणात नव्हतं. "पण नियम आहे ना! शब्दकर्ता हयात असेल तर त्याचा शब्द त्यानेच खोडायचा. वाचनाच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, स्वतःच्या हाताने. आता मी काय करणार, सांगा बघू?"

नियम खराच होता. पहिल्या आवृत्तीच्या वेळी विद्वान मंडळी एकमेकांवर खार खाऊन एकमेकांचे शब्द उडवायची. सकाळी एकाने 'विषमज्वर' लिहावा आणि संध्याकाळी दुसऱ्याने तो गायब करावा. शेवटी कंटाळून त्यांनी हा नियम केला. आता त्यातले बहुतेक सगळे देवाघरी गेले होते आणि त्यांचे शब्द साध्या बहुमताने जात होते. 'महारोग' गेला, 'वातोन्माद' गेला. 'मतिमंद' हा शब्द एके काळी सभ्य म्हणून आणला होता, शाळेच्या मैदानावर पोरांनी त्याची शिवी केली, तोही गेला. हयात होते एकटे अप्पा, जुने डॉक्टर. आणि अप्पा संपादकबाईंचे सासरे होते.

शब्द होता 'सवयीचा गर्भपात'. ज्या बाईचा गर्भ पुन्हा पुन्हा पडतो, तिच्या केसपेपरवर डॉक्टर तो लिहीत. आजवर निदान हाताने लिहीत होते, एखादा भला डॉक्टर लिहायचं टाळतही होता. पण नवी आवृत्ती सगळ्या सरकारी दवाखान्यांच्या संगणकात भरायची ठरली होती. एक बटण दाबलं की नाव छापून बाहेर. एकदा हा शब्द त्या यंत्रात जाऊन बसला की तिथून त्याला उपटायला कोणी येणार नव्हतं, हे संपादकबाईंना स्वच्छ दिसत होतं.

"वाचन परवा आहे," सचिव म्हणाले. "घरचाच मामला आहे तुमचा. जेवताना विषय काढा. गोड बोलून बघा."

संपादकबाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. गोड! या शब्दाशी त्यांची ओळख कशी झाली होती, हे सचिवांना काय माहीत?

तिसऱ्या खेपेला त्या दवाखान्यात पडून होत्या. पोट रिकामं झालेलं, पायांत त्राण नाही. सकाळी राउंडला एक तरुण डॉक्टर विद्यार्थ्यांचा घोळका घेऊन आला आणि पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून म्हणाला, "सवयीचा गर्भपात. लिहून घ्या." सगळ्यांनी माना खाली घालून लिहून घेतलं. मग त्याने पेपरवरचं आडनाव वाचलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. "अहो, म्हणजे तुम्ही त्यांच्या सूनबाई! तुमच्या सासऱ्यांचाच शब्द हा. काय चपखल शब्द आहे, नाही?"

तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या होत्या. सवय! चहाची सवय असते, नखं खाण्याची असते, खोटं बोलण्याची असते. माणसाला सवय लागते ती त्याच्या हातून, आणि सुटत नाही ती त्याच्या दोषाने. हा साधा अर्थ त्या विद्यार्थ्यांना समजत होता, वॉर्डातल्या आयाला समजत होता आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईलाही समजला होता. ती दुपारभर यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघत राहिली.

आणि एवढ्यावर संपलं असतं तरी त्या एक वेळ गिळून बसल्या असत्या. पण सवय म्हटल्यावर कारण कोण शोधतो? कोणीच शोधलं नाही. विश्रांती घ्या, मन शांत ठेवा, पुन्हा बघू, एवढंच. पुढे कितीतरी वर्षांनी एका डॉक्टरीणबाईने दुसऱ्याच कशासाठी म्हणून रक्त तपासलं, तेव्हा कळलं की यांचं रक्त नको तिथे गोठतं. साध्या इंजेक्शनांनी गर्भ टिकला असता. "तुम्हाला हे आधी कोणी सांगितलं नाही?" असं त्या डॉक्टरीणबाईने विचारलं, तेव्हा यांची पन्नाशी जवळ आली होती.

त्या रात्री जेवताना संपादकबाईंनी विषय काढला. गोड बोलल्या नाहीत.

"अप्पा, परवाच्या वाचनात तुमचा एक शब्द खोडायचा आहे."

अप्पा भाताचा घास कालवत होते. वय झालं तरी कान शाबूत, दात शाबूत आणि ताठा तर अगदीच शाबूत. "कोणता?"

संपादकबाईंनी सांगितला. नवऱ्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. तो तसा भला माणूस होता, पण भांडणात मध्ये पडला की मध्येच पडून राहायचा, कोणाच्याच उपयोगाला यायचा नाही.

"का बरं?" अप्पांनी विचारलं.

"का ते तुम्हाला माहीत आहे."

"हे बघ सूनबाई, शब्द काही तुझ्यावर केलेला नव्हता. तू तेव्हा या घरात नव्हतीस, जन्मलीही नसशील कदाचित. परक्या पुस्तकांत जे होतं, त्याचं मी नीट भाषांतर केलं. तिथेही सवयच म्हटलं होतं."

"तिथे त्यांनी तो कधीच काढून टाकला. आपण कवटाळून बसलोय."

"आम्ही सुरुवात केली तेव्हा काय परिस्थिती होती, कल्पना आहे?" अप्पांचा आवाज आता सभेतला झाला. "डॉक्टर रोग्याशी त्याच्या भाषेत बोलू शकत नव्हता. पोटात काय झालंय हे बाईला सांगायला शब्द नव्हते! जुन्या पोथ्यांतले शब्द घेतले तर कोणाला कळत नव्हते, लोकांच्या तोंडचे घ्यावेत तर ऐकवत नव्हते. अशा बाईला लोक काय म्हणायचे, माहीत आहे? अवदसा म्हणायचे. पांढऱ्या पायाची म्हणायचे. तिच्या हातचं पाणी प्यायचे नाहीत. त्याऐवजी आम्ही एक सभ्य, शास्त्रीय शब्द दिला. त्याचं काही मोल?"

"म्हणजे तुम्ही शिवीच घेतलीत, अप्पा. धुतलीत, इस्त्री केलीत आणि परत आमच्याच अंगावर घातलीत. अवदसा म्हणणाऱ्याला निदान उलटून बोलता येत होतं. डॉक्टरला कोण उलटून बोलणार?"

"अगं, हळू..." नवरा म्हणाला.

"तू गप्प बस. तेव्हाही गप्पच होतास, आताही बस."

अप्पांनी हात धुवायला उठता उठता निकाल दिला. "विज्ञानात भावनांना जागा नसते. उद्या कोणी उठेल आणि म्हणेल, मला वाईट वाटतं, 'कर्करोग' खोडा. खोडायचा? माझ्या हाताने तो शब्द जाणार नाही. मी गेल्यावर खुशाल बहुमत करा."

संपादकबाई ताडकन उठल्या. असला राग त्यांना कधी आला नव्हता. हा म्हातारा मरायची वाट बघा, असं तो स्वतःच सांगत होता, आणि तोवर संगणकातून रोज किती बायकांच्या हातात तो कागद पडणार होता! त्यांना ते ताट उचलून भिंतीवर फेकावंसं वाटलं. त्यांनी ते उचललं आणि स्वयंपाकघरात नेऊन मोरीत आदळलं.

मोरीशी सासूबाई होत्या. सगळं जेवण त्यांनी मान खाली घालून केलं होतं. या बाई कमी बोलायच्या. घरात अप्पांचा आवाज इतका भरलेला असायचा की दुसऱ्या कोणाला बोलायला जागाच उरायची नाही, असं सगळे थट्टेने म्हणत. आता त्या भांडी घासायची घासणी हातात घेऊन उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"तुझ्यावर नव्हता, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "माझ्यावर होता."

संपादकबाईंना आधी कळलंच नाही.

"हा झाला त्याच्या आधीची गोष्ट." सासूबाईंनी बाहेरच्या खोलीकडे, म्हणजे मुलाकडे, हनुवटीने दाखवलं. "माझे तीन गेले. तिसरा गेला तेव्हा मी आतल्या खोलीत पडून होते. बाहेर यांची मंडळी जमली होती, कोशाचं काम करायला. चहा मी पडले होते म्हणून शेजारणीने करून दिला. दार नुसतं लोटलेलं होतं. याला काय म्हणायचं, म्हणून चाललं होतं त्यांचं. कोणी काही सुचवलं, कोणी काही. मग हे म्हणाले, 'सवयीचा म्हणा. आमच्या घरातलंच उदाहरण आहे.' आणि हसले गं सगळे. वाईट नव्हते हसले. चांगला शब्द सापडला की माणसं हसतात ना, तसे. कोणीतरी 'वा' म्हणालं."

"आई..."

"मी अंगावरची चादर तोंडात कोंबली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून." त्यांनी घासणी ठेवून दिली. "मग ते घरातही आलं. जरा पोटात दुखलं की हे म्हणायचे, 'झाली का तुझी सवय सुरू?' तेही थट्टेने. सगळं थट्टेनेच. हा पोटात होता तेव्हा नऊ महिने मी श्वास धरून राहिले. माझ्या हातून जातंय, असंच वाटायचं मला. मी काहीतरी करते, झोपेत करते, काय करते ते मलाच कळत नाही, असं. डॉक्टर नवरा सांगतोय म्हणजे खरंच असणार की!"

"तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणाला सांगणार होते? यांना?" सासूबाई हसल्या, आणि ते हसू बघवत नव्हतं. "तुझ्या वेळी मात्र बोलायला हवं होतं. तेव्हाही मूग गिळून बसले. परवा मला घेऊन चल."

वाचनाच्या दिवशी अप्पा गाडीतून उतरले तेव्हा सचिव जिन्याच्या तोंडाशीच उभे होते. मागून सासूबाई पिशवी घेऊन उतरल्या. त्या अप्पांचं औषधपाणी बघायला आल्या असणार, असं सगळ्यांनी गृहीत धरलं आणि त्यांना भिंतीकडेची एक खुर्ची दिली. टेबलाभोवती मंडळी बसली. त्यात सर्जनसाहेब होते, त्यांना दर बैठकीत शस्त्रक्रियेला उशीर होत असे. भाषेचे प्राध्यापक होते, ते झोपत आणि बरोबर चहाच्या वेळी जागे होत. अप्पा मधोमध बसले, त्यांच्या पुढ्यात नियमाप्रमाणे लाल पेन्सिल ठेवलेली.

'स'ची पानं संपादकबाईंनी वाचायला घेतली. 'सर्दी', 'सर्पदंश', 'सलाइन' बिनबोभाट पार पडले. मग तो शब्द आला. त्यांनी तो स्वच्छ, मोठ्याने वाचला.

"हा शब्द खोडावा, असा माझा प्रस्ताव आहे," त्या म्हणाल्या. "त्याऐवजी 'वारंवार गर्भपात'. त्यात कोणाला दोष नाही. जे झालं तेवढंच त्यात आहे."

"मला मान्य नाही," अप्पा म्हणाले. "हा शब्द रुळलेला आहे. डॉक्टरांच्या पिढ्या तो शिकल्या."

"परंपरेचाही विचार करायला हवा," सर्जनसाहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

सचिवांनी दोन्ही बाजूंना मान डोलावली. "मग शब्दकर्त्यांचा आग्रह असेल तर..."

"मला एक विचारायचंय," भिंतीकडून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या. अप्पा एकदम म्हणाले, "तू कशाला यात? बस खाली."

"मी सदस्य नाही, मला ठाऊक आहे. पण उदाहरण मी होते ना? 'आमच्या घरातलंच उदाहरण' असं तुम्हीच म्हणाला होतात. मग उदाहरणाला एक प्रश्न विचारू द्या."

प्राध्यापक जागे झाले. अप्पांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. आतल्या खोलीचं दार त्या दिवशी नुसतं लोटलेलं होतं, हे त्यांना इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच कळत होतं.

"माझी तीन मुलं गेली. का गेली?" सासूबाईंनी विचारलं.

"अगं, ही जागा आहे का..."

"का गेली?"

"त्या काळी," अप्पा म्हणाले, "त्या काळी ही कारणं कोणाला कळलेली नव्हती. रक्ताच्या तपासण्या नव्हत्या, काही नव्हतं. शास्त्र तेवढं पुढे गेलेलं नव्हतं."

"म्हणजे तुम्हाला माहीत नव्हतं."

"मलाच काय, कोणालाच नव्हतं."

"मग तसं का नाही लिहिलंत?"

अप्पा गोंधळले. मनापासून गोंधळले. "कोशात 'माहीत नाही' असं कसं लिहिणार? त्याला काय अर्थ आहे? रोगाला नाव द्यावं लागतं. डॉक्टरला काहीतरी सांगावं लागतं."

"माहीत नाही असं लिहिता येत नव्हतं, आणि हिचीच सवय आहे असं लिहिता आलं!" सासूबाईंचा आवाज चढला. तो इतका चढू शकतो हे त्यांच्या सुनेलाही माहीत नव्हतं. "तुम्हाला येत नव्हतं ते माझ्या माथी मारलंत! मला एवढंच सांगायचं होतंत तुम्ही, की मला कळत नाही गं, का होतंय ते. एवढंच. मी रडले असते आणि उठले असते. जन्मभर स्वतःचे हात बघत बसले नसते, या हातांनी काय केलं म्हणून!"

सर्जनसाहेब घड्याळाकडे बघायचं विसरले. हजारो शब्द केलेल्या अप्पांना त्या घडीला एकही सुचत नव्हता, आणि संपादकबाईंना त्यांची तिळमात्र दया आली नाही. येऊ नये, असंच त्यांना वाटत होतं.

शेवटी अप्पांनी लाल पेन्सिल उचलली. त्यांनी पान पुढे ओढलं आणि रेघ मारली. ती वाकडी गेली, म्हणून पुन्हा एकदा मारली.

आणि सचिवांनी टाळ्या वाजवल्या! बघता बघता सगळे वाजवू लागले. "याला म्हणतात मोठेपणा!" सचिव गदगदून म्हणाले. "स्वतःचा शब्द स्वतःच्या हाताने खोडायला काळीज लागतं. अप्पा, धन्य आहात!"

"टाळ्या बंद करा," संपादकबाई म्हणाल्या.

टाळ्या विरल्या. सचिवांनी ओशाळून इतिवृत्ताची वही पुढे ओढली आणि लिहिता लिहिता पुटपुटले, "सदर शब्द कालबाह्य झाल्यामुळे..."

"काय लिहिताय?"

"कालबाह्य. नेहमी तसंच लिहितो आपण. काळ बदलतो, शब्द मागे पडतात..."

"काळाने काय केलंय?" संपादकबाईंनी त्यांच्या हाताखालून वही ओढून घेतली. त्यांना आता आवाज आवरायचाच नव्हता. खालच्या हॉलपर्यंत गेला तर जाऊ दे. "काळाच्या नावावर खपवू नका! तो शब्द म्हातारा होऊन मेला नाही. ज्या दिवशी केला त्या दिवशीच चुकीचा होता. हसत हसत केला, आत बाई रडत होती तेव्हा केला. त्याच्या नादाने कोणी कारण शोधलं नाही. आईंचं शोधलं नाही, माझं शोधलं नाही, आणखी कितीजणींचं शोधलं नाही, त्याची गणती तुम्ही ठेवली आहे? लिहा, चुकीचा होता. पहिल्या दिवसापासून."

सचिवांनी केविलवाण्या नजरेने अप्पांकडे पाहिलं. असं कुठल्याच शब्दाबद्दल आजवर लिहिलं गेलं नव्हतं. अप्पा टेबलाकडे बघत होते.

"लिहा," ते म्हणाले.

"काय लिहू, अप्पा?"

"ती सांगते आहे ते."

सचिवांनी लिहिलं. मग अप्पा खुर्चीतल्या खुर्चीत वळले, भिंतीकडे, बायकोकडे. "चल," ते अगदी हळू म्हणाले. "घरी जाऊ. घरी बोलू आपण."

सासूबाईंनी पिशवी खांद्याला लावली. "घरी कशाला?" त्या म्हणाल्या. "मला सवय लागली म्हणून चारचौघांत सांगितलं होतंत. नव्हती, हेही चारचौघांतच सांगा."

अप्पांनी एकदा टेबलाभोवतीच्या माणसांकडे पाहिलं. कोणी त्यांच्या मदतीला आलं नाही. त्या उभ्या होत्या, आणि म्हाताऱ्याच्या तोंडून शब्द निघेपर्यंत बसणार नव्हत्या.

"तुझी काही चूक नव्हती," अप्पा म्हणाले. "मला माहीत नव्हतं, म्हणून मी तुझ्यावर ढकललं."

सासूबाईंनी ते ऐकून घेतलं. मान डोलावली नाही, डोळे पुसले नाहीत, बरं म्हणाल्या नाहीत. सुनेजवळ येऊन त्यांनी तिचा हात धरला.

"आता पंचावन्न वर्षांनी मला हे ऐकून काय करायचंय गं?" त्या म्हणाल्या, आणि अप्पांना तिथेच सोडून तिच्याबरोबर जिना उतरू लागल्या.